‘तिथे’ म्हणून भागत नाही

वर, खाली, आत, बाहेर, मागे, पुढे, मध्ये, शेजारी, समोर, पलीकडे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना हे शब्द आले पाहिजेत, याबद्दल कोणाचे दुमत नाही. अंगणवाडीच्या अभ्यासक्रमात ते आहेत, खाजगी केजीच्या वह्यांत आहेत, आणि पहिलीच्या गणितात तर आकड्यांच्याही आधी ‘मागे-पुढे’, ‘वर-खाली’ अशी पाने येत आली आहेत. वाद आहे तो शिकवण्याच्या रीतीचा. नागपुरात मी पाहिलेल्या बहुतेक बालवाड्यांत आणि केजीत ही रीत एकच आहे: एक छापील कागद, त्यावर एक टेबल, टेबलावर एक चेंडू, टेबलाखाली दुसरा चेंडू, आणि सूचना, ‘खालच्या चेंडूला गोल करा.’ मूल गोल करते. बरोबरची खूण मिळते. पालकसभेत तो कागद दाखवला जातो आणि सगळे समाधानाने घरी जातात.

या कागदाला माझा विरोध आहे. दोन चेंडूंपैकी एकाला गोल करायचा असेल, तर काहीच न कळलेल्या मुलाचेही निम्म्या वेळा बरोबर येणार. शिवाय तो शब्द मुलाने तोंडातून काढलेलाच नसतो. ‘खाली’ हा शब्द आला असे मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा मूल आपणहून सांगेल की बॉल खाटेखाली गेला आहे आणि माझा हात पोहोचत नाही. हे सांगायला काहीतरी गरज लागते. कोणी तरी हरवलेले असावे, कोणी लपलेले असावे, कोणाला तरी ते सापडायला हवे. ती गरज चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट निर्माण करते, कागदावरचा चेंडू करत नाही. म्हणून प्रत्येक अंगणवाडीत आणि केजीत हे शब्द गोष्टीतून, चित्र पाहत, बोलत शिकवले जावेत आणि त्यासाठी मराठीतली, इथली पुस्तके सरकारने आणि समाजाने मिळून तयार करावीत, असे माझे ठाम मत आहे.

एवढ्याशा शब्दांसाठी इतका आग्रह कशाला, असे कोणी विचारेल. त्याने पहिलीच्या वर्गात जाऊन बाई लिहायला कसे शिकवतात ते ऐकावे. ‘कु’चा उकार खाली. ‘के’ची मात्रा वर. ‘की’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, पण ‘कि’ची डावीकडे, म्हणजे जो स्वर तोंडातून नंतर निघतो तो कागदावर आधी लिहायचा. ‘र्क’मधला रफार डोक्यावर, ‘क्र’मधला र पायाशी. अक्षर शिरोरेषेच्या खाली लटकवायचे. देवनागरी ही लिपीच जागेच्या हिशेबावर उभी आहे, आणि तो हिशेब बाई ज्या शब्दांत सांगतात ते शब्द मुलाकडे नसतील तर ते फक्त फळ्याची नक्कल करत राहते. आकड्यांचेही तेच. एकवीस म्हणताना एक आधी उच्चारतो, लिहिताना दोन आधी काढतो. दशक डावीकडे आणि एकक उजवीकडे हे ज्याला शब्दांत धरता येत नाही, त्याचे 12 आणि 21 कितीतरी दिवस एकमेकांत मिसळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा, हे 2026-27 पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. त्या उद्दिष्टाची सुरुवात अक्षरापासून होत नाही, अक्षर कुठे काढायचे हे समजण्यापासून होते.

आता, हे शब्द मूल आपोआप शिकतेच की, हा आक्षेप. काही शब्द शिकते, हे खरे आहे. मुलांच्या भाषेचे अभ्यासक ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी 1979 मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या दोन ते पावणेपाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चारही भाषांत क्रम ढोबळमानाने सारखा निघाला. आत, वर, खाली, शेजारी हे आधी येतात. ‘मध्ये’ मागाहून येतो, कारण त्याला दोन वस्तू एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. ज्या वस्तूला स्वतःचे तोंड आहे तिच्या मागे-पुढे हेही साधारण त्याच सुमारास, आणि जिला तोंडच नाही तिच्या मागे-पुढे हे सगळ्यात शेवटी. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे विदर्भातल्या लहान मुलांच्या पोळ्याला, मुले जो लाकडी नंदी मिरवतात त्याला तोंड आहे, शेपूट आहे. मूल कुठेही उभे असो, नंदीच्या मागे म्हणजे शेपटीकडेच. माठाला तोंड आहे पण ते वर. माठाच्या मागे म्हणजे कुठे, हे पाहणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. माझ्यासाठी मागे ते समोर बसलेल्या आईसाठी पुढे. दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहिल्याशिवाय हा शब्द वापरता येत नाही. डावे-उजवे त्याहून अवघड. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या जुन्या निरीक्षणांप्रमाणे स्वतःचा डावा हात मुलाला आधी कळतो, समोरच्याचा डावा हात ओळखायला आठव्या वर्षापुढे जावे लागते. म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ घरात येता-जाता येतील, पण ‘मध्ये’, ‘समोर’, ‘पलीकडे’ यांना कोणी तरी बसून, बोलून वेळ द्यावा लागतो. आपल्या बालवाड्यांच्या कागदांवर मात्र सोप्या जोड्यांचीच घोकंपट्टी चालते, आणि जिथे मदत हवी तिथे कोणी फिरकत नाही.

मोठ्यांच्या बोलण्याने फरक पडतो, याला आधार आहे. शिकागोतल्या एका गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 14 ते 46 महिन्यांच्या मुलांच्या घरातले बोलणे टिपले होते. ज्या घरांत आकाराचे, लहान-मोठेपणाचे, कडा-कोपऱ्यांचे शब्द जास्त बोलले जात, तिथली मुले ते शब्द जास्त वापरू लागली आणि साडेचार वर्षांची झाल्यावर आकार जुळवण्याच्या कामांत पुढे राहिली. त्यात मोजलेले शब्द ‘वर-खाली’ या जातीचे नव्हते, हे सांगायला हवे. तरी दिशा तीच आहे. जागा आणि आकार यांची समज मुलाच्या डोळ्यांत जितकी असते, तितकीच ती घरातल्या जिभांवरही असते.

पूर्व नागपुरातल्या एका अंगणवाडीत मी जे पाहिले ते सांगतो. खोली लहान, पंखा आवाज करणारा, भिंतीवर फळांचे आणि वाहनांचे तक्ते. सेविकाबाईंच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर स्केचपेनने काढलेले, दोऱ्याने शिवलेले पुस्तक होते. त्यांनी ते स्वतः केले होते. गोष्ट साधी: बकरीचे पिल्लू दुपारच्या उन्हाने कासावीस होऊन सावली शोधते आहे आणि बकरी त्याला शोधते आहे. एका पानावर अंगण, खिडकीला लावलेला कूलर, पाण्याचा ड्रम, दोरीवर कपडे. पिल्लाची फक्त शेपटी दिसते. पुस्तक उघडताच चार-पाच बोटे चित्रावर. ‘थे पाहा! तिथं!’

बाईंनी पुस्तक मुलांकडे वळवून स्वतःकडे पाठ केली. ‘मला नाही दिसत बेटा. तू सांग नं, कुठं आहे?’

बोट आता उपयोगाचे राहिले नाही. एक मुलगी थांबली, चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, ‘कूलरच्या मांगं.’ ‘पूर्ण मागं? मग तुला कसं दिसलं?’ ‘शेपूट बाहीर हाय.’ शेजारचा मुलगा लगेच उसळला, ‘मांगं नाही, ड्रमच्या बाजूनं हाय!’ आणि वाद सुरू झाला. ड्रम आणि कूलर यांच्या मधल्या फटीत ते पिल्लू काढलेले होते, त्यामुळे दोघेही चूक नव्हती. बाईंनी वाद मिटवला नाही. कोपऱ्यातली बादली आणि स्टूल आणून ठेवले आणि त्या मुलीला म्हणाल्या, तू पिल्लू हो आणि लप. ती त्या दोघांच्या मधे बसली. तेव्हा बाई म्हणाल्या, ‘पाहा, हे बादली आणि स्टूलच्या मध्ये बसलं.’ ‘मध्ये’ हा शब्द त्या दिवशी फळ्यावर लिहिला गेला नाही, पण पुढची सगळी पाने मुले तो शोधत होती.

या प्रसंगातली खरी विद्या पुस्तक वळवण्यात आहे. लहान मुलाला ‘इथे’, ‘तिथे’ आणि एक बोट एवढ्यावर दिवस काढता येतो. आपणही त्याला काढू देतो, कारण आपल्याला दिसत असते. ऐकणाऱ्याला दिसत नाही अशी वेळ आली की शब्दाशिवाय मार्ग उरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाने 1988 मध्ये पालकांना चित्रपुस्तक वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे उत्तर वाढवून परत द्यायला शिकवले होते. महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. त्या सेविकाबाईंनी हा अभ्यास वाचला असण्याची शक्यता कमी. मुलांबरोबर रोज बसणाऱ्या माणसाला अशा गोष्टी सुचतात; त्या सुचायला त्यांच्या हातात पुस्तक आणि थोडी मोकळीक लागते. रजिस्टरे, वजनाच्या नोंदी, मोबाईलवरची माहिती भरणे यातून ती मोकळीक उरत नाही, ही माझी तक्रार नोंदवून पुढे जातो.

पुस्तकापेक्षा खेळ बरा, असे म्हणणारे जाणकार आहेत आणि त्यांचे म्हणणे अर्धे मला मान्य आहे. आधी शरीर, मग वस्तू, मग चित्र, हा क्रम बरोबरच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, दगड, शिंपले घेऊन बालशिक्षण उभे केले ते याच समजुतीने. पण चित्राचा टप्पा गाळता येत नाही, कारण चित्र वाचणे हे वेगळेच शिकणे आहे. कागद सपाट असतो. त्यावर दूरचे घर पानाच्या वरच्या भागात काढलेले असते आणि जवळचे झाड खालच्या भागात. घर झाडाच्या ‘वर’ आहे असे चार वर्षांचे मूल म्हणाले, तर ते पानाबद्दल अगदी खरे बोलत आहे. ते घर झाडाच्या ‘मागे’ किंवा ‘पलीकडे’ आहे, हे कळायला कागदाच्या आत खोली आहे असे मानावे लागते. अर्धी झाकलेली वस्तू म्हणजे मागची वस्तू, लहान काढलेली म्हणजे दूरची, हे संकेत मुलाला जन्मजात येत नाहीत. पुढे भूगोलाचा नकाशा, भूमितीची आकृती, विज्ञानातला छेद हे सगळे याच संकेतांवर चालते. गोष्ट असेल तर मूल हे संकेत आनंदाने सोडवते, कारण वाघ झोपडीच्या वर आहे की मागे, यावर म्हातारीचा जीव वाचतो की नाही हे अवलंबून असते. कागदावरच्या चेंडूवर काहीच अवलंबून नसते.

आता मराठीबद्दल. बाजारात मिळणारी या विषयाची बरीच पुस्तके आणि तक्ते इंग्रजीच्या साच्यावर बेतलेले दिसतात. एका पानाला एक शब्द, खाली त्याचा मराठी पर्याय. पण मराठी अशी एकास एक बसत नाही. आपण पायात चप्पल घालतो, बोटात अंगठी, गळ्यात माळ, अंगात सदरा. पाय चपलेत असला तरी. माकड झाडावर बसते, पण संत्री झाडाला लागतात. पाल भिंतीवर असते आणि कुंपणाच्या भिंतीच्या माथ्यावर बसलेली मांजरही भिंतीवरच असते. टेबलावर पुस्तक आणि टेबलाच्या वर पंखा, या दोन ‘वर’मध्ये टेकलेले आणि न टेकलेले एवढा फरक आहे, आणि तो फक्त ‘च्या’ने दाखवला जातो. हा सगळा बारकावा मराठी मुलाच्या कानावर घरी पडत असतो. पुस्तक मात्र त्याला ‘संत्री झाडावर आहेत’ असे शिकवते. भाषांतराला माझा विरोध नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर कितीतरी चांगल्या मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि त्या वापराव्यातच. पण हे शब्द ज्या पुस्तकाचा कणा आहेत, ते पुस्तक मराठीतच सुचलेले असावे लागते.

त्यातही नागपूरचा वेगळा मुद्दा आहे. इथल्या अंगणवाडीत एका रांगेत बसलेल्या मुलांपैकी एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी हिंदी, तिसऱ्याच्या घरी छत्तीसगढी असू शकते. मुले ‘मांगं’ म्हणतात, ‘अंदर’ म्हणतात, ‘बाजूनं’ म्हणतात, आणि केजीत जाणारी ‘टेबलच्या अंडर’ म्हणतात. यातल्या कशालाही हसू नये आणि चूक म्हणू नये. ‘अंदर’ म्हणणाऱ्या मुलाला आत म्हणजे काय ते पुरते समजलेले आहे. त्याला फक्त आणखी एक शब्द द्यायचा आहे. ‘हो बेटा, अंदर. डब्याच्या आत गेलं ते,’ इतके म्हटले की पुरते. इंग्रजी माध्यमाच्या पालकांनाही मी हेच सांगेन. ज्या भाषेत मूल आईशी भांडते त्या भाषेत मागे-पुढे पक्के होऊ द्या. त्यानंतर इंग्रजी शब्द त्यावर बसवायला फारसा वेळ लागत नाही. आधी इंग्रजी शब्दांचे पाठांतर करून घेतलेले मूल ते गाण्यात घडाघडा म्हणते आणि दप्तर पलंगाच्या मागे पडले की ‘तिथे’ म्हणते.

या शहरात अशा पुस्तकांना विषय शोधावा लागत नाही. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर 2024 मध्ये खुला झालेला कामठी मार्गाचा उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. चार थर, एकावर एक. वर-खाली शिकवायला याहून चांगले चित्र कुठल्या गावात मिळेल? पण नुसते चित्र काढून ‘मेट्रो सर्वांत वर आहे’ असे लिहिले तर तो पुन्हा तक्ताच झाला. समजा, आजोबांची टोपी वाऱ्याने मेट्रोच्या स्थानकावरून उडाली. नात वरून पाहते आहे. टोपी पुलाच्या कठड्याला अडकली, तिथून सुटली, रेल्वेच्या डब्याच्या टपावर पडली, आणि गाडी तर निघाली. आता प्रत्येक पानावर ‘कशावर?’, ‘कशाखाली?’ हे मुलाला विचारावे लागणार नाही. तेच ओरडून सांगेल. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत आपला नंदी कोणाच्या नंदीच्या पुढे, कोणाच्या शेजारी, ही गोष्ट नागपूरच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. फक्त शहरातली प्रेक्षणीय स्थळे एकामागून एक दाखवणारे पुस्तक कोणी काढू नये. मुलाला ठिकाणाच्या नावात रस नसतो, तिथे काय हरवले यात असतो.

पैशांचा प्रश्न निघेलच. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे. अंगणवाडीच्या मुलाला मात्र पुस्तकाचा असा हक्क नाही. त्याच्या वाट्याला तक्ते आणि ठोकळे येतात, तेही पुष्कळदा कपाटात. तक्ता भिंतीवर एकदा लागला की महिनाभरात मुलांना तो दिसेनासा होतो. या तक्त्या-ठोकळ्यांच्या खर्चातच दहा-पंधरा चित्रपुस्तके येतात. ती फाटतील, मळतील, आणि दरवर्षी नवी घ्यावी लागतील, हे खर्चात धरूनच चालावे. फाटलेले पुस्तक हातात दिले होते याचा पुरावा असते, म्हणून पुस्तक फाटले की सेविकेला जाब विचारण्याची पद्धत आधी बंद करावी. त्या भीतीने पुस्तके कुलूपबंद राहतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा आनंद मलाही झाला. पण त्या दर्जाच्या नावाने होणाऱ्या खर्चातला काही वाटा चार वर्षांच्या मराठी मुलाच्या पुस्तकावर झाला पाहिजे, हे मागायला आपण पुढे येत नाही. विदर्भ साहित्य संघ 1923 चा. शताब्दी ओलांडलेल्या या संस्थेने बालकथाकारांना बोलवावे, इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासोबत बसवावे आणि महानगरपालिकेने छपाईचा भार उचलावा. लेखक आणि चित्रकार पहिल्या दिवसापासून एकत्र बसले पाहिजेत. आधी मजकूर लिहून मग त्याला चित्र लावले, की मजकूर ‘मांजर टेबलाखाली आहे’ म्हणतो आणि चित्रही तेच दाखवते, मुलाला करायला काही उरत नाही. चित्राने मजकुरापेक्षा थोडे जास्त जाणावे. मजकूर म्हणेल, ‘बकरीने सगळीकडे पाहिलं’, आणि शेपटी फक्त चित्रात असेल.

पुस्तक आकाराने मोठे असावे, वीस मुलांना लांबून दिसेल इतके. पानावर एक वाक्य, फार तर दोन, मोठ्याने वाचायला गोड. ‘मध्ये’, ‘समोर’, ‘पलीकडे’ यांना वर-खालीपेक्षा जास्त पाने द्यावीत. शेवटच्या पानाच्या आत सेविकेसाठी चार ओळी: कुठे थांबायचे, पुस्तक कधी वळवायचे, मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले तर काय म्हणायचे. आणि छापण्याआधी कच्ची प्रत महालातल्या, पारडीतल्या, कामठी रोडवरच्या अंगणवाड्यांत नेऊन मुलांसमोर वाचावी. एखाद्या पानावर मुले नुसती बोट दाखवून मोकळी होत असतील, तर ते पान पुन्हा काढावे.